मेण लावलेल्या नळ्या

सकाळी साडेनऊ वाजता डॉक्टर भगवंतरावांनी तिसरी नळी खिडकीच्या उजेडात धरली, पाहिली आणि लाकडी घडवंचीत परत ठेवली. हेही रक्त जुळत नव्हते.

पहिली नळी भावाची, दुसरी आईची, तिसरी एका ट्रक ड्रायव्हरची. तिघांचा रक्तगट बी. आत खाटेवर पडलेल्या कोकिळेचाही बी. चिनी मातीच्या छोट्या पांढऱ्या फरशीवर गट तपासला तेव्हा चौघांचे थेंब सारखेच वागले होते. पण गट एक असून भागत नाही. देणाऱ्याच्या रक्ताचा थेंब घेणाऱ्याच्या रक्तातल्या पाण्यात, म्हणजे सिरममध्ये, टाकून पाहावा लागतो. नळी कोमट ठेवायची, हाताच्या यंत्रावर फिरवायची आणि बघायची. लाल कण तळाशी सुटे बसले आणि वरचे पाणी नितळ राहिले तर रक्त द्यायचे. कणांचे गठ्ठे झाले, किंवा कण फुटून पाणीच लाल झाले, तर ते रक्त त्या माणसाला विषासारखे. तिन्ही नळ्यांत वरपासून खालपर्यंत आरपार लाल पाणी होते. तळाशी काहीच नव्हते.

देऊळगाव राजातला हा दवाखाना मोजक्या खाटांचा होता. साल १९६७, माघ महिना. सर्वांत जवळची रक्तपेढी औरंगाबादेत होती आणि कोकिळेला तेवढा प्रवास झेपणार नाही हे डॉक्टरांनी तिची नाडी धरताक्षणी ओळखले होते.

कोकिळा पहिल्या बाळंतपणासाठी दुसरबीडला माहेरी आलेली. पहाटे मुलगी झाली. मुलगी धडधाकट होती, पण वार पुरती पडली नाही आणि रक्त थांबेना. तिचा भाऊ पंजाबराव वांग्या-टमाट्यांचा मळा करायचा. त्याचा माल जालन्याला नेणारा ट्रक त्याच वेळी वाड्याबाहेर भरून उभा होता. त्याने पुढच्या टोपल्या उतरवून घेतल्या, पोत्यांवर गादी टाकली, बहीण, आई आणि बाळ यांना वर बसवले आणि ड्रायव्हर तुळशीरामला म्हणाला, "जालना राहू दे. देऊळगावले घे." तुळशीरामने गाडी घेतली. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी राहिलेली वार काढली, इंजेक्शन दिले. रक्त थांबले. पण जे जायचे ते गेले होते. ओठ पांढरे पडले होते आणि नाडी दोऱ्याएवढी बारीक झाली होती. हाताला सलाईन लावले होते. सलाईनने वेळ मिळतो, रक्त मिळत नाही.

तिचा नवरा रंगराव कापूस घेऊन चिखलीच्या बाजाराला गेला होता. त्याच्याकडे एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला होता. सासू केसरबाई जवळच्याच खेड्यातून आल्या होत्या आणि ओसरीवरच्या बाकाच्या एका टोकाला बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला कोकिळेची आई वच्छलाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

प्रयोगशाळेचे काम पाहणारा शालिग्राम बाहेर आला.

"काय झालं शालिग्रामभाऊ?" पंजाबरावने विचारले.

"नाही जुळत."

"कोनाचं नाही?"

"कोनाचंच नाही. तुमचंबी नाही."

"माह्यं काऊन नाही? म्या सख्खा भाऊ हाये तिचा."

शालिग्राम परत आत गेला. केसरबाईंनी पदर नीट केला.

"सख्ख्या भावाचं नाही, जन्म देल्ल्या मायचंबी नाही," त्या समोरच्या निंबाकडे पाहत म्हणाल्या. "नवलच म्हनाव बाप्पा. आमच्या इकडं तं म्हनतात, रक्त रक्ताले वळखते."

वच्छलाबाईचा बाळाला थोपटणारा हात थांबला. "इहीनबाई, काय म्हनाचं असंन ते उघड म्हना."

"म्या काय म्हनून राह्यली? डाक्टर म्हनून राह्यले. म्या तं निस्ती आयकून राह्यली."

पंजाबराव उठला. तो काय करणार होता ते त्यालाही ठाऊक नसावे. तुळशीराम पायरीवर बिडी विझवत होता. तो मध्येच बोलला, "मावशी, माह्यंबी नाही जुळलं. तवा माह्या मायवरबी काही येऊ द्या. ती बिचारी गावाकडं आरामात बसेल हाये."

"तू कोन रे बाबा?"

"म्या टमाट्याचा ड्रायव्हर."

"मंग टमाटे पाह्य तुहे," केसरबाई म्हणाल्या. पण त्यांनी तोंड पुन्हा निंबाकडे वळवले आणि पंजाबरावही खाली बसला.

हे सगळे भिंतीपलीकडे डॉक्टरांना ऐकू येत होते. त्यांचे लक्ष नळ्यांवर होते. त्यांना तीन गोष्टी खटकत होत्या. न जुळणारे रक्त त्यांनी पुष्कळदा पाहिले होते. त्यात बहुतेक वेळा गठ्ठे होतात. कण असे साफ विरघळत नाहीत, आणि इतक्या लवकर तर नाहीच. दुसरे, तिघांचे रक्त अगदी एकाच तऱ्हेने न जुळावे हेही विचित्र. तिसरी गोष्ट शालिग्रामनेच सांगितली होती. कोकिळेचे सिरम काढले तेव्हाच ते लालसर आले होते. ट्रकमध्ये हादरे बसले असतील, सुई बारीक असेल, म्हणून त्याने ते सोडून दिले होते.

"शालिग्राम, इकडे ये. कोकिळेच्या रक्ताचा थेंब तिच्याच सिरममध्ये टाक."

"तिचाच तिच्यात?"

"हो."

"त्यानं काय होईन साहेब?"

"काही व्हायला नको. तेच पाहायचंय."

शालिग्रामने थेंब टाकला. नळी कोमट पाण्यात ठेवायची गरजही पडली नाही. ढवळलेले गढूळ लाल बघता बघता आरपार झाले. सरबतासारखे.

डॉक्टरांनी नळी त्याच्या हातातून घेऊन उजेडात धरली.

"तिचं तिलेच चालत नाही," शालिग्राम म्हणाला.

"असं होत नाही." डॉक्टरांनी दुसरी नळी घेतली. तिच्यात फक्त मिठाचे पाणी घातले आणि स्वतःच्या बोटाला सुई टोचून एक थेंब सोडला. तेही आरपार लाल झाले. मग तेच मिठाचे पाणी आणि तसाच थेंब त्यांनी चिनी मातीच्या फरशीवर कालवला. तिथे तो गढूळच राहिला, म्हणजे कण शाबूत होते. थांबून पुन्हा पाहिले, तरी गढूळच.

"पाणी बरोबर आहे. रक्त बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "काच बरोबर नाही."

ते स्टुलावर बसले. पहाटे दार वाजल्यापासून ते पहिल्यांदाच बसत होते. बाई अजून तितकीच आजारी होती, एक थेंब रक्त तिच्या अंगात गेले नव्हते. तरी त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला शालिग्रामला दिसला. रक्तच नाही, आणि रक्त आहे पण नळी खोटे सांगते, या दोन्हींत फार अंतर होते.

ते ओसरीवर आले. बाकावरची दोन्ही टोके उभी राहिली.

"बसा, बसा. एक सांगतो. तिचं रक्त तिलाच जुळत नाही."

वच्छलाबाईचा चेहरा पडला. "म्हंजे काय हो डाक्टरसाहेब?"

"म्हणजे आमच्या नळ्या खोटं बोलतात. तुमच्यापैकी कुणाचं रक्त खोटं नाही."

पंजाबराव हे नीट समजून घ्यायला थोडा थांबला. मग केसरबाईंकडे वळला. "आयकलं का आत्याबाई? कोकिळा आता कोकिळेचीच सख्खी नाही. कोनाची म्हनाची तिले?"

तुळशीराम मोठ्याने हसला. केसरबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्या हसल्या की नाही ते कळले नाही. "मले काय सांगतं," त्या म्हणाल्या, "जाय त्या नळीले सांग."

"मंग नळ्या बदला ना डाक्टरसाहेब," पंजाबराव म्हणाला.

बदलायला दुसऱ्या नव्हत्या. जुन्या नळ्या फुटत फुटत संपल्या होत्या आणि ही नागपूरहून आलेली नवी पेटी गेल्याच आठवड्यात उघडली होती. सगळ्या एकदमच धुतल्या होत्या. शालिग्राम म्हणाला, पुन्हा धुऊ. डॉक्टरांनी नकार दिला. काचेवर काय बसले आहे तेच माहीत नाही, तर ते कशाने निघेल आणि निघाले की नाही हे कोण सांगणार? शोधत बसायला वेळ नव्हता. कोकिळेची नाडी आत सिस्टर धरून बसली होती आणि दर थोड्या वेळाने दारातून 'तशीच आहे' अशी नुसती मान हलवत होती.

"काढता येत नसेल तर झाकू," डॉक्टर म्हणाले. "मेण आण."

नागपूरला शिकत असताना त्यांनी शस्त्रक्रियेच्या विभागात आतून मेणाचा हात दिलेली काचेची भांडी पाहिली होती. रक्त उघड्या काचेला लागले की तिला चिकटते आणि गोठू लागते. मेणाला ते चिकटत नाही. अळूच्या पानावर पाणी राहावे तसे अंग चोरून राहते. आणि मेणाखालच्या काचेवर जे काही असेल ते मेणाखालीच राहते. तेव्हा ते त्यांनी परीक्षेपुरते लक्षात ठेवले होते. गेल्या कित्येक वर्षांत त्याची गरज पडली नव्हती.

बाटल्यांची बुचे बंद करायला आणलेली पांढऱ्या मेणाची वडी कपाटात होती. शालिग्रामने स्टोला पंप मारला आणि वाटीत मेण वितळवले. पहिल्या नळीत ओतले ते एवढे जाड बसले की आतले काही दिसेना. दुसरी नळी गार होती. तिच्यात मेण पडताच काच तडकली. तिसरी त्यांनी आधी गरम पाण्यात बाहेरून शेकली, आत मेण ओतून हातात गोल फिरवली आणि लगेच उलटी केली. उरलेले मेण वाटीत परत आले. काचेला आतून पातळ, एकसारखा थर राहिला. ताक पिऊन झाल्यावर विसळायच्या आधी पेला दिसतो तशी ती नळी दिसत होती. तशा आणखी काही केल्या.

कोकिळेच्या हातातून नवीन रक्त काढून मेणाच्या नळीत घेतले. ते गोठायची वाट पाहता येणार नव्हती. मेणात ते लवकर गोठतच नाही. म्हणून न गोठण्याचे औषध चिमूटभर घालून नळी यंत्रात बसवली आणि शालिग्रामने हँडल फिरवायला सुरुवात केली. त्या यंत्राचा घरघराट ओसरीपर्यंत येत होता.

"काय दळून राह्यले आता?" केसरबाईंनी विचारले.

"तुमच्या सुनेचं रक्त," तुळशीराम म्हणाला. "पीठ बारीक पाह्यजे म्हने."

"तुह्या तोंडाले काही हाड?"

यंत्र थांबले. शालिग्रामने नळी काढली आणि तो जवळजवळ ओरडलाच, "साहेब, पिवळं!"

लाल कण खाली बसले होते आणि वर तिळाच्या ताज्या तेलासारखे पिवळे पाणी उभे होते. सकाळपासून त्या खोलीत कोणाला तो रंग दिसला नव्हता.

पहिली तपासणी तिच्याच रक्ताची, तिच्याच पाण्यात. नळी कोमट पाण्यात ठेवली, फिरवली, पाहिली. कण तळाशी सुटे. वरचे पाणी पिवळे. कोकिळा कोकिळेला जुळली.

तिघांचेही रक्त मेणाच्या नळ्यांत नव्याने घेतले होते. शालिग्राम पंजाबरावच्या नळीकडे हात नेत होता, तो मध्येच थांबला. "पन साहेब, मघाशी काहीच जुळत नव्हतं. आता मेनात सगळंच जुळू लागलं तं?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले. हा प्रश्न त्यांच्याही मनात होता, पण बाईच्या नाडीच्या काळजीत त्यांनी तो मागे टाकला होता. "बरोबर आहे. नेहमी हो म्हणणारी नळी नेहमी नाही म्हणणाऱ्या नळीपेक्षा वाईट. माझं रक्त ए गटाचं आहे. तिला ते जुळता कामा नये. टाक."

दुसरे बोट टोचले. ए गटाचा थेंब कोकिळेच्या पिवळ्या पाण्यात पडला आणि फाटलेल्या दुधासारखे त्याचे गठ्ठे झाले. हलवले तरी सुटले नाहीत. आपले रक्त नाकारलेले पाहून डॉक्टरांना इतका आनंद आधी कधी झाला नव्हता.

"आता भावाचं घे."

पंजाबरावचे कण तळाशी बसले, सुटे. सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवून डॉक्टरांनी एक थेंब त्याखालीही पाहिला. एकेक कण वेगळा होता. तुळशीरामचेही तसेच. वच्छलाबाईचेही तसेच, पण तिच्या अंगावर मांस नव्हते. तिचे घ्यायचे नाही असे त्यांनी तिथेच ठरवले.

शालिग्राम ओसरीवर गेला तो जवळजवळ पळतच. "जुळलं! तिघाइचंबी जुळलं!"

वच्छलाबाईने बाळाच्या डोक्यावर आपले कपाळ टेकवले आणि बराच वेळ वर केले नाही. पंजाबरावने सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर सारली. "चला. किती घेता?"

"एक बाटली," डॉक्टर म्हणाले.

"दोन घ्या. म्या घरचं दूध पितो."

"एकच. उद्या मळ्यात पाणी कोण देईल?"

रक्ताची बाटली बाहेरून सील होऊन आलेली, आत औषध घातलेली. ती भरली. पंजाबराव छताकडे पाहत पडून होता आणि भरत आलेल्या बाटलीकडे एकदाही पाहत नव्हता. उठल्यावर त्याला गरगरले. तुळशीरामने त्याला धरून बाकावर आणले. "काय पंजाबरावभाऊ, दोन बाटल्या देत होते ना?"

"गप्प बैस बे."

बाटली कोकिळेच्या खाटेशी टांगली. सुरुवातीला डॉक्टरांनी थेंब अगदी सावकाश सोडले आणि ते स्वतः स्टूल घेऊन तिच्याजवळ बसले. थंडी वाजते का, कंबर दुखते का, छाती भरून येते का, हे ते परत परत विचारत होते आणि ती नाही म्हणून मान हलवत होती. मग त्यांनी थेंब वाढवले. दुपारचे ऊन खिडकीतून खाटेच्या पायापर्यंत आले तेव्हा तिच्या ओठांना थोडा रंग आलेला होता. नाडी बोटाखाली शोधावी लागत नव्हती.

कोकिळेने डोळे उघडले. भाऊ दारात उभा होता.

"दादा, वांगे गेले का जालन्याले?"

पंजाबराव खाटेजवळ आला. "जाऊ दे वांगे," तो म्हणाला. "सडू दे."

"सडू दे काय, सडलेच," मागून तुळशीराम म्हणाला. मग डॉक्टर दुसऱ्या बाटलीसाठी त्याला बोलवायला आले तेव्हा त्याचा आवाज जरा खाली आला. "साहेब, पाहून घ्या हं. माह्या अंगात डिझेल निघंन."

"मेणाच्या नळीत नाही निघालं."

बाहेर केसरबाई बाकावर सरकत सरकत मध्यापर्यंत आल्या होत्या. वच्छलाबाईसमोर चहाची बशी होती. चहावर साय धरली होती.

"इहीनबाई, चहा प्या. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"नको वाटते."

"नको कसं? द्या ते लेकरू इकडं. हात मोकळे होऊ द्या." वच्छलाबाईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि बाळ दिले. केसरबाईंनी ते उजेडाकडे धरले, नाकावरून बोट फिरवले. "वळखाले नळ्या कायले लागतात? नाक पाहा. जसंच्या तसं माह्या रंगरावचं हाये."

"डोळे आमचे हायेत," वच्छलाबाई म्हणाली.

"असतीन. डोळे घ्या तुम्ही." केसरबाईंनी बशी पुढे सरकवली. वच्छलाबाई चहा प्यायली.

काचेवर काय होते ते यानंतर कळले. शालिग्रामला चैन पडत नव्हते. त्याने पेटीतली एक कोरी नळी घेतली, तिच्यात औषधांसाठी ठेवलेले शुद्ध पाणी घातले, तोंडावर अंगठा दाबला आणि हलवली. फेस आला. अंगठ्यापर्यंत चढला आणि तिथेच राहिला.

दवाखान्याची झाडलोट आणि धुणे-भांडी करणारी तानाबाई बादली घेऊन चालली होती. ती थांबली. "काऊन हालवून राह्यले? फेस येईनच ना. रिठ्याचा हाये तो."

डॉक्टरांनी मागे वळून पाहिले. "कशाचा?"

"रिठ्याचा. नव्या नळ्या तेलकट होत्या. इथल्या हिरीच्या पान्यात साबन फाटते, तुमाले ठावं हाये. मंग रिठे भिजू घातले. बालाजीच्या उत्सवाच्या आंधी चांदीची भांडी निघतात ना, त्याच्यानंच धुतात. माह्या घरी रिठे बाराई महिने. म्हनलं देवाची चांदी निघते तं काच काऊन नाही निघनार? घट्ट पानी केलं, येक येक नळी भरून ठेवली रातभर, आन् उन्हात वाळवल्या."

"नंतर साध्या पाण्यातून काढल्या नाहीत?"

"काढल्या असत्या तं हिरीच्या पान्याचे पांढरे डाग नसते पडले? चांदीबी तशीच पुसतात." तिने कमरेवर हात ठेवला. "आन् तुम्हीच म्हनले होते साहेब, 'तानाबाई, नळ्या आरशासारख्या केल्या.'"

म्हणाले होते. घडवंचीत उन्हाने चमकणाऱ्या नळ्या पाहून त्यांनी ते मनापासून म्हटले होते आणि शालिग्रामनेही मान डोलावली होती. रिठ्याचा फेस रक्ताचे कण फोडतो हे डॉक्टरांनी पुस्तकात वाचले होते. पण पुस्तकात त्याचे लॅटिन नाव होते, आणि नळ्या नुसत्या चकचकीत दिसत होत्या.

"चांदीला चालतं," ते म्हणाले. "रक्ताला नाही. कण फुटतात त्यानं."

तानाबाईच्या हातातली बादली खाली आली. "म्हंजे माह्यामुळं ती पोरगी..."

"तुमच्यामुळं नाही. आम्ही दोघांनी त्या नळ्या हातात घेतल्या, कशानं धुतल्या हे दोघांनीही विचारलं नाही. पोरगी बरी आहे. जाऊन बघा, बोलतेय." मग ते हसू लागले. शालिग्रामही हसला. सकाळपासून दाबलेले होते, ते थांबता थांबेना. तानाबाईला त्यात हसण्यासारखे काय ते कळेना, पण तीही हसली.

डॉक्टर मध्येच थांबले.

"शालिग्राम, तिला रक्त चढवलं ती बाटलीची रबरी नळी कशानं धुतली होती?"

"ती म्या धुतो साहेब. तानाबाईच्या हाती देत नाही. आज सकाळी उकळून घेतली."

"कशात उकळली?"

"मोठ्या पातेल्यात."

दोघांनी तानाबाईकडे पाहिले.

"पातेलं राखेनं," ती म्हणाली.

"नक्की?"

"राखेनंच." ती विचार करू लागली. "राखेनंच असंन. रिठ्याचं पानी उरलं होतं थोडं. ते मोरीत वतलं का पातेल्यात ठुलं, ते काही ध्यानात येत नाही बाप्पा."

पातेले आता धुऊन पालथे पडले होते. त्यावरून काही सांगता येणार नव्हते. डॉक्टर खाटेपाशी गेले. पहिली बाटली संपली होती. ताप नाही, थंडी नाही, कंबर दुखत नाही. नाडी सकाळपेक्षा भरलेली. त्यांनी दुसऱ्या बाटलीसाठी नवी रबरी नळी काढली, समोरच्या हॉटेलातून चहाचे भांडे मागवले, ते स्वतः घासले आणि नळी त्यात उकळली. तुळशीरामचे रक्त त्या नळीतून चढू लागले.

मग ते ओसरीवर आले आणि दोन्ही विहिणींना सांगितले ते एवढेच. रक्ताचे कण अंगात फुटले असतील तर ते लघवीत दिसते. लघवी लाल किंवा काळपट आली तर लगेच हाक मारायची. नेहमीसारखी पिवळी आली तर काळजी संपली. रिठ्याचे आणि पातेल्याचे त्यांनी लपवले नाही. वच्छलाबाईने ऐकून घेतले. केसरबाई म्हणाल्या, "पातेल्यात असंन तं किती असंन? बोटभर. देव पाहीन."

"माझ्याही हिशेबानं काही होऊ नये," डॉक्टर म्हणाले. "पण सकाळी मी हिशेबानंच तीन माणसं परत पाठवणार होतो."

चिखलीकडून येणारी एसटी येऊन गेली. तिच्यात रंगराव नव्हता. तुळशीराम बाकावर आडवा झाला होता, हातावर कापसाचा बोळा दाबून, आणि पंजाबराव त्याच्या ट्रकमधून जे टमाटे धड होते ते टोपलीत वेगळे करत होता. उरलेल्या नळ्यांना शालिग्राम एकेक करून मेण लावत होता. आत कोकिळेने चमच्याने थोडे ग्लुकोजचे पाणी घेतले होते आणि बाळाला एकदा जवळ घेऊन पाजायचा प्रयत्न केला होता.

ऊन खिडकीतून भिंतीवर चढले तेव्हा दुसऱ्या बाटलीत दोन बोटे रक्त उरले होते. कोकिळेने सिस्टरला खुणावून लघवीसाठी भांडे मागितले. केसरबाई बाळाला घेऊन बाहेर आल्या, डॉक्टर दारापाशी येऊन उभे राहिले आणि सिस्टरने खाटेभोवतीचा पडदा ओढला.